पंधरा आणि पन्नास वर्षांच्या मधली मोटारसायकल

मोटार वाहन कायद्याला मोटारसायकलीची दोनच वये कळतात. पहिले वय १५ वर्षांचे. खासगी वाहनाची मूळ नोंदणी तेवढीच असते. ती संपली की गाडी तपासणीला न्यायची आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून घ्यायचे. दुसरे वय ५० वर्षांचे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात राखलेली असेल तर ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला वेगळी नंबरपाटी मिळते. या दोन वयांच्या मधल्या ३५ वर्षांत ती गाडी नेमकी कोण, याचे उत्तर नियमांत सापडत नाही, शुल्काचा तक्ता मात्र सापडतो. गोव्यातल्या पडव्यांत आणि मांगरांत, म्हणजे बागायतीतल्या खोपटांत, उभ्या असलेल्या येझदी, राजदूत, बुलेट आणि आरएक्स १०० यांपैकी बहुतेक याच मधल्या पट्ट्यातल्या आहेत. स्वस्तात मिळणारी जुनी मोटारसायकल घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्याची झटापट इंजिनाशी कमी आणि या पट्ट्याशी जास्त होते, हे मी स्वतः भोगले आहे, आणि ही झटापट टाळता येण्याजोगी आहे, असे माझे म्हणणे आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये डिचोली तालुक्यातल्या एका घरातून मी १९८४ सालची येझदी रोडकिंग १८,००० रुपयांना घेतली. मूळ मालक प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते २०२० मध्ये वारले, आणि तेव्हापासून गाडी मांगरात सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या, राशीला टेकून, गोणपाट पांघरून उभी होती. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांतही हवेतला दमटपणा पुरता हटत नाही. अशा हवेत दोन पावसाळे न हललेली मोटारसायकल वरून बरी दिसली तरी आतून खाल्लेली असते. टाकी हलवली की आत वाळू असल्यासारखी खरखर ऐकू येई. ती गंजाची पूड होती. मागच्या मडगार्डाला आतल्या बाजूने अंगठा लावला तर पत्रा पापडासारखा मोडला. (समाजमाध्यमांवर जुन्या गाड्या विकणारे ‘किनाऱ्यालगतच्या घरातली गाडी’ असे कौतुकाने लिहितात. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ती ओळ वाचून पुढे सरकावे.)

माझा मेकॅनिक पूर्वी उसगावात खनिजाच्या ट्रकांवर काम करायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि तो दुचाकींकडे वळला. त्याने पहिल्या दिवशी किकला हातही लावू दिला नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल ओतले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली, कारण घाईघाईने किक मारून गंजलेल्या रिंगांनी सिलिंडर ओरबाडून घेणारी गिऱ्हाइके त्याने बरीच पाहिली होती. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूचे झाकण काढून पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे तुकडे, उघडे केले, तर त्यांवर हिरवट पांढरा थर बसलेला. त्याने ते बारीक पॉलिश पेपरने घासले, ०.४ मिलिमीटरची पट्टी मध्ये सरकवून फट जुळवली, कंडेन्सर बदलला, प्लग सिलिंडरच्या डोक्यावर टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी उडाली. तो म्हणाला, “भाऊ, ही जिवंत आहे. आता आरसी बुक जिवंत आहे का तेवढे बघा.”

येझदी ज्यांनी चालवलेली नाही त्यांना सांगायला हवे की एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि किकचाच दांडा आत दाबून गिअरचा दांडा करायचा, असे हे चमत्कारिक पण विलक्षण साधे यंत्र आहे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तरीही पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, ऑइल सील हे सगळे आज बाजारात मिळते, कारण या वस्तू लहान कारखान्यांत बनवता येतात आणि त्यांना गिऱ्हाईक आहे. माझा सिलिंडर आम्ही चोर्ला घाट चढून बेळगावच्या उद्यमबागेत नेला आणि तिथल्या लेथवर नव्या पिस्टनच्या मापाचा करून आणला. काम एका दुपारचे. क्रँकची बेअरिंगे, टायर, वायरिंग, टाकीची आतून सफाई आणि रंग धरून दुरुस्तीचा खर्च ३८,५०० रुपये झाला, म्हणजे खरेदीच्या दुपटीहून थोडा अधिक. जुनी गाडी स्वस्त पडते असे समजून कोणी या वाटेला लागणार असेल तर त्याने हा आकडा आधी समोर ठेवावा. दुरुस्तीला तीन महिने लागले. गाडी माझ्या नावावर व्हायला मात्र पुढचे वर्ष सरत आले.

हे वर्ष कुठे गेले, ते सविस्तर सांगतो, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. पहिली अडचण वारसांची. मालक वारला की कायद्याप्रमाणे वाहनाचा ताबा ज्याच्याकडे जातो त्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तिथून पुढे विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. कागदावर हे दोन टप्पे सोपे दिसतात. पण गोव्यात वारसा हा विषय देशातल्या इतर राज्यांसारखा नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आणि आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात बसवलेल्या व्यवस्थेत, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. बायकोचा अर्धा वाटा तिचा स्वतःचा असतो, आणि उरलेल्या अर्ध्यात मुलांचे हक्क डावलता येत नाहीत. घर-बागायतीच्या बाबतीत या व्यवस्थेने गोव्यातल्या बायकांना जे संरक्षण दिले ते मोलाचे आहे आणि त्याला धक्का लागावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. परंतु १८,००० रुपयांच्या मोटारसायकलीलाही तेच माप लावले गेले की काय होते ते पाहा. मास्तरांचा मुलगा इंग्लंडमध्ये, मुलगी बहारिनला. दोघांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे तिकडे करून, साक्षांकित करून, टपालाने मागवायची. बहारिनहून आलेल्या कागदावर मास्तरांचे नाव एका अक्षराने चुकले होते, म्हणून तो परत गेला. एकाच तालुक्यात राहणाऱ्या कुटुंबाला जे पंधरा दिवसांत जमले असते त्याला पाच महिने लागले. आणि गोव्यात आज अशी किती घरे आहेत की ज्यांची सगळी मुले एकाच तालुक्यात राहतात?

दुसरी अडचण आकड्यांची. मास्तरांनी १९९६ मध्ये फुटलेले इंजिन बदलून त्याच बनावटीचे दुसरे बसवले होते, आणि शिस्तीचा माणूस असल्यामुळे ते रीतसर कळवलेही होते. आरसी बुकात नवा इंजिन नंबर शाईने लिहिलेला, शिक्का, सही, तारीख, सगळे होते. पण नोंदवह्यांतली माहिती पुढे संगणकावर चढवली गेली तेव्हा कोणीतरी मूळ पानावरचाच नंबर उतरवून घेतला. म्हणजे संगणक एक नंबर सांगतो, पुस्तक दुसरा, आणि गाडीवर पुस्तकातला. हा घोळ सोडवायचा तर कार्यालयाने जुनी नोंदवही काढून बघायला हवी. ती आधी सापडली नाही, मग सापडली ती वाळवीने खाल्लेली होती, मग कोणाच्या अधिकारात दुरुस्ती करायची हे ठरेना. तिथल्या कारकुनाने माझ्याशी कधी वाकडा शब्द काढला नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. त्याच्यापुढे संगणकाचा पडदा होता आणि त्या पडद्यावर या प्रसंगासाठी कुठलाही रकाना नव्हता.

तिसरी अडचण पैशांची, आणि ती पहिल्या दोन अडचणींवर पोसलेली. मास्तरांनी १९९९ पासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण केले होते; शेवटची मुदत जुलै २०१९ मध्ये संपली, तेव्हा ते आजारी होते. नूतनीकरणाला उशीर झाला तर मोटारसायकलीला दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला ३०० रुपये जादा शुल्क असा नियम आहे. मला सांगण्यात आले की आधी वारसाच्या नावाची भानगड मिटवा, मग नूतनीकरण. ते मिटून पैसे भरायची वेळ आली सप्टेंबर २०२३ मध्ये. ५० महिन्यांचे १५,००० रुपये उशिराचे, आणि १,००० रुपये नूतनीकरणाचे. यात मास्तरांच्या आजारपणाचे महिने होते, वारसांच्या टपालाचे महिने होते, आणि कार्यालयाने स्वतःचीच नोंदवही शोधण्यात घालवलेले महिनेही होते. त्यांचेही ३०० रुपयांप्रमाणे मीच भरले. प्रतिज्ञापत्रे, नोटरी आणि खेपा धरून कागदांवर साडेबावीस हजार गेले. मला ते परवडले, कारण माझ्या बाबतीत हा हौसेचा मामला होता. पण पन्नास हजारांत कामाला जायची धडधाकट गाडी मिळेल या हिशेबाने जुन्या गाडीकडे वळणारा वेल्डर किंवा शेतकरी या टप्प्यावर काय करतो, ते कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारावे. तो कागद सोडून देतो आणि गाडी तशीच चालवतो.

या शुल्कांमागचा विचार काय असावा? एप्रिल २०२२ पर्यंत मोटारसायकलीच्या नूतनीकरणाला ३०० रुपये पडत. तेव्हापासून १,००० झाले. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांपुढच्या मोटारसायकलींना २,००० झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या वाहन मोडीच्या धोरणाशी याचा सांधा उघड आहे: जुनी गाडी ठेवणे महाग करा, म्हणजे लोक ती मोडीत काढतील. मालवाहू ट्रक आणि बस यांच्या बाबतीत हा विचार मला पटतो, कारण ती वाहने दिवसभर चालतात, धूर ओकतात, आणि त्यांच्या मालकाला नव्या वाहनावर धंदा करता येतो. पण जे शुल्क फक्त वयावर वाढते आणि सायलेन्सरातून काय बाहेर पडते, ब्रेक लागतो की नाही, गाडी वर्षाला पाचशे किलोमीटर धावते की वीस हजार, यांपैकी कशाशीच ज्याचा संबंध नाही, ते शुल्क निगा राखणाऱ्याला आणि न राखणाऱ्याला एकाच दराने दंड करते. मग निगा राखायची कशाला, हा प्रश्न माणसाच्या मनात आला तर त्याला दोष देता येत नाही.

आता त्या पन्नाशीच्या सन्मानाकडे वळू. व्हिंटेज म्हणून पहिली नोंदणी करायला २०,००० रुपये आणि नंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये. नोंदणी दहा वर्षांची. एखाद्या जुन्या शेवरोलेच्या मालकाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. मोटारसायकलीलाही तोच दर लावला आहे, आणि कित्येकदा तो गाडीच्या किमतीहून जास्त आहे. पैशांचे तरी समजू शकते. मला खटकतात त्या दोन अटी वेगळ्याच आहेत. एक अशी की अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला जाणे, एवढ्यासाठीच ती चालवायची. दुसरी अशी की चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. दोन्ही अटी एकत्र वाचल्या म्हणजे कायद्याच्या मनातली जुनी गाडी कशी आहे ते दिसते. ती श्रीमंताच्या गॅरेजमध्ये कापडाखाली झोपलेली आहे. जी गाडी चाळीस वर्षे रोज शाळेत गेली, बाजारात गेली, गणपतीला मूर्ती घेऊन आली, आणि या वापरात जिचे इंजिन एकदा बदलावे लागले, तिला या व्याख्येत जागा मिळणे कठीण. गोव्यातल्या मोटारसायकल पायलटांच्या, म्हणजे भाड्याने माणसे नेणाऱ्यांच्या, पिवळ्या मडगार्डच्या जुन्या गाड्या घ्या. या राज्याच्या वाहतुकीच्या इतिहासात त्यांच्याइतके मानाचे स्थान दुसऱ्या कुठल्या दुचाकीचे असेल असे मला वाटत नाही. पण दिवसाला दहा-बारा भाडी मारलेली गाडी मूळ इंजिनासह पन्नास वर्षे टिकेल, ही अपेक्षा ज्याने इंजिन उघडलेले नाही तोच करू शकतो.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला प्रदूषणाचा. इथे जुन्या गाड्यांचे चाहते जी बाजू मांडतात ती मला अर्धवट वाटते. नवी गाडी बनवायला लोखंड, वीज आणि रसायने खर्ची पडतात, म्हणून जुनी चालवणे हेच पर्यावरणाच्या हिताचे, असे ते म्हणतात. चार स्ट्रोकच्या जुन्या बुलेटबद्दल यावर चर्चा होऊ शकते. टू-स्ट्रोकबद्दल होऊ शकत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच जळलेला वायू बाहेर जात असतो आणि त्या गडबडीत न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग थेट सायलेन्सरातून निघून जातो. शिवाय पेट्रोलमध्ये लिटरला ३०-४० मिलिलिटर ऑइल मिसळलेले असते, त्याचा निळा धूर निराळा. पीयूसीच्या मर्यादा हे सत्य मान्य करतात: ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या टू-स्ट्रोकना ३.५ टक्के. माझी येझदी टू-स्ट्रोकच; तिचा आकडा नव्या पिस्टननंतर ३.१ आला, पण ही तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते, घाट चढताना नव्हे, हे मी विसरत नाही. ज्याला रोज साखळी गावाहून पणजीला ये-जा करायची आहे त्याने टू-स्ट्रोक घेऊ नये, असे मी मित्रांना स्पष्ट सांगतो. माझ्या बाजूचा खरा मुद्दा इतकाच की धूर मोजण्याचे यंत्र उपलब्ध असताना जन्मतारीख मोजण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो गोव्यात जास्तच गंभीरपणे घ्यायला हवा. या छोट्या राज्यात जवळजवळ दरवर्षी अडीचशेच्या पुढे माणसे रस्त्यावर मरतात आणि त्यांत दुचाकीस्वारच जास्त असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. येझदीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत; पावसात ड्रममध्ये पाणी शिरले की पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात, हे मी जुलैमध्ये साखळीच्या पुलाजवळ अनुभवले आहे. हेडलाइटचा उजेड इतका पिवळा की रात्री गाडी न काढणेच बरे. म्हणून तपासणी कडक करा, दर पाच वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी करा, ब्रेकची प्रत्यक्ष चाचणी घ्या. मी विरोध करणार नाही. आज १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी दुचाकीची जी तपासणी होते ती बहुधा चेसी नंबरावर पेन्सिल घासून कागदावर ठसा घेण्यापलीकडे जात नाही. माझी गाडी तपासणाऱ्याने ब्रेकचा पेडल पायाने दाबूनही पाहिला नाही. म्हणजे पैसे वयाचे घेतले जातात, आणि वयामुळे जे बिघडते ते पाहिले जात नाही.

इंधनाचाही प्रश्न याला जोडून येतो. आता पंपावर मिळणारे साधे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे. जुन्या कार्बोरेटरातल्या रबरी वस्तू आणि पेट्रोलची नळी यांना ते मानवत नाही. नळी मऊ पडते, फ्लोटची सुई चिकटते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. पावसाळ्यात गाडी चालवणार नसाल तर टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करावेत, आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात. खर्च दोनशे रुपयांच्या आत. सरकारने इथेनॉलचा निर्णय घेताना जुन्या दुचाकीवाल्यांना एवढी साधी सूचना देणारे एक पत्रक जरी काढले असते तरी पुष्कळ कार्बोरेटर वाचले असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त सलतो, कारण त्यात आमच्यासारख्या हौशी लोकांचाच दोष आहे. जुन्या मोटारसायकलींचे भाव गेल्या काही वर्षांत वाढले, विशेषतः आरएक्स १०० चे, आणि त्याबरोबर कागदांचा वेगळाच बाजार सुरू झाला. मोडीत गेलेल्या गाडीचे आरसी बुक विकत घ्यायचे, आणि दुसऱ्या, बहुधा चोरीच्या किंवा बेवारस गाडीच्या चेसीवरचा नंबर घासून त्यावर पुस्तकातला नंबर ठोकायचा. पंच केलेले अंक कारखान्याच्या अंकांपेक्षा उथळ आणि थोडे तिरपे असतात, आजूबाजूचा रंग नवा असतो; नीट पाहणाऱ्याला ते ओळखू येते, पण स्वस्तात गाडी मिळते आहे या आनंदात कोणी नीट पाहत नाही. अशी गाडी घेणारा पुढे पोलिसांपुढे उभा राहतो तेव्हा त्याची बाजू कोणीच घेत नाही, आणि घेऊही नये. शिवाय दुरुस्त केलेल्या गाडीच्या सायलेन्सरातली आतली नळी काढून टाकून मध्यरात्री गावातून फटफटत जाणारे वीर आहेतच. जुन्या गाड्यांबद्दल लोकांच्या मनात जी चीड आहे तिचा मोठा वाटा त्यांनी मिळवून दिला आहे. पण खोट्या कागदांचा धंदा का चालतो, याचाही विचार व्हायला हवा. खरा कागद करायला वर्ष आणि साडेबावीस हजार लागत असतील, आणि खोटा एका आठवड्यात पाच हजारांत मिळत असेल, तर खऱ्याची वाट अडवून आपण खोट्याला गिऱ्हाईक पुरवत आहोत.

आणखी एक गोष्ट आकडेवारीशी संबंधित आहे. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख होती, आणि नोंदलेल्या वाहनांची संख्या केव्हाच तिच्या पुढे गेली आहे. हे वाक्य वाहतूक कोंडीवरच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते. पण त्या संख्येत तीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या, विहिरीच्या काठाला माती झालेल्या, मालकाबरोबर कागदही हरवलेल्या किती गाड्या अजून ‘जिवंत’ आहेत, याचा हिशेब त्या नोंदींतून निघत नाही. नोंदणी रद्द करून घ्यायलाही तेच वारस, तीच प्रतिज्ञापत्रे लागतात, म्हणून कोणी ती रद्द करत नाही. जुन्या दुचाकींचे कागद सरळ करण्याची सोय झाली तर मेलेल्या गाड्याही वहीतून निघतील, आणि रस्त्यांचे नियोजन करणाऱ्यांच्या हाती खरी संख्या येईल. यात सरकारचाच फायदा आहे.

सोय म्हणजे काय? मला पंचवीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांसाठी आणखी एक वर्ग, आणखी एक रंगीत पाटी आणि आणखी एक समिती नको आहे. वर्ग वाढले की फॉर्म वाढतात. मला हवे आहे ते वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचे शिबिर, ज्यात चेसी पाहणारा निरीक्षक, संगणकावर जुनी नोंद चढवण्याचा अधिकार असलेला अधिकारी आणि एक नोटरी हे तिघे एकाच मंडपात बसलेले असतील. जमिनीच्या म्युटेशनसाठी (मालकीच्या फेरफारासाठी), आधारसाठी शिबिरे भरतात. मोटारसायकलीसाठी का नाही? ज्या गाडीच्या आरसी बुकात इंजिन बदलल्याची सही-शिक्क्यानिशी नोंद आहे, तिच्या बाबतीत कार्यालयाची वही वाळवीने खाल्ली असेल तर पुस्तकातली नोंद ग्राह्य धरावी. सरकारचा शिक्का सरकारनेच नाकारू नये. एका ठरावीक किमतीखालच्या दुचाकीसाठी परदेशातल्या वारसांची संमती व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून घ्यावी; बँका ग्राहकाची ओळख अशी पटवून घेतातच. उशिराचे शुल्क केंद्राच्या नियमातले आहे, राज्याला ते आपल्या मनाने माफ करता येणार नाही. पण त्याला कमाल मर्यादा घाला, नूतनीकरणाच्या शुल्काच्या दुपटीपर्यंत, आणि अर्ज कार्यालयात पडून असलेले महिने त्यातून वगळा, एवढी मागणी गोव्याने दिल्लीला करायला काय हरकत आहे?

एक उपाय तर आजच हातात आहे आणि तो वापरला जात नाही. २०२१ पासून वाहनाच्या नोंदणीत नामनिर्देशन करता येते. मालकाने जिवंतपणी एका माणसाचे नाव घातले की त्याच्या पश्चात गाडी त्या माणसाच्या नावावर करणे पुष्कळ सोपे होते. ऑनलाइन, घरबसल्या होते. मी ज्या ज्या गॅरेजात हे बोललो तिथे कोणालाच ते माहीत नव्हते. बँकेच्या पासबुकावर नॉमिनी घालायला आपण शिकलो, तसे आरसीवर घालायलाही शिकवावे लागेल, आणि ते पंचायतीच्या ग्रामसभेत पाच मिनिटांत सांगून होण्यासारखे आहे.

शेवटच्या सहीसाठी मी मास्तरांच्या घरी गेलो तो दिवस ऑक्टोबर २०२३ मधला. काकींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला, जिथे मी बोट ठेवले तिथे सही केली, आणि विचारले, “म्हणजे आता पुस्तकात ह्यांचे नाव राहणार नाही?” मी म्हणालो, पहिला मालक म्हणून राहते, खाली माझे येते. ते खरे होते जुन्या पुस्तकाच्या बाबतीत. आता मिळालेल्या प्लास्टिकच्या कार्डावर माझे एकट्याचे नाव आहे. जुने पुस्तक मी त्यांना नेऊन दिले. माझ्या कार्डावरचा इंजिन नंबर बरोबर आहे. मास्तरांनी १९९६ मध्ये बसवलेल्या इंजिनाचा तो आहे, आणि त्यामुळे २०३४ मध्ये ही गाडी पन्नाशी गाठेल तेव्हा, आजचे नियम तसेच राहिले तर, ती मूळ रूपातली नव्हे म्हणून अपात्र ठरण्याचीच शक्यता जास्त. त्याआधी २०२८ मध्ये नूतनीकरण आहे, ते आजच्या दराने २,००० रुपयांचे. ते मी मुदतीच्या महिनाभर आधीच भरणार आहे.